अंगावर काम घेणाऱ्या बांधकाम कारागिरांसाठी: आयकर रिटर्नमध्ये खर्च कसा दाखवायचा

टाइल्स, सेंट्रिंग, प्लॅस्टर, प्लंबिंग, पुट्टी-रंग अशी कामं अंगावर घेणाऱ्या माणसाच्या खात्यात वर्षभरात बरीच मोठी रक्कम येते आणि त्यातली बरीचशी निघूनही जाते. आलेली रक्कम आयकर खात्याला दिसते, कारण बिल्डरने टीडीएस (बिल देतानाच कापून सरकारकडे भरलेला कर) कापताना ती तुमच्या पॅनवर नोंदवलेली असते. गेलेली रक्कम मात्र तुम्ही सांगितल्याशिवाय कोणाला कळत नाही. शनिवारी वाटलेली मजुरी, कटरच्या चकत्या, टेम्पोचं भाडं, साइटजवळच्या खोलीचं भाडं ही सगळी धंद्याच्या खर्चाची बाजू. ती कागदावर आली नाही, तर हातातून गेलेला पैसाही तुमचीच कमाई धरली जाण्याची भीती असते.

हे सगळं पहिल्यांदाच रिटर्न भरणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६चे, म्हणजेच कर निर्धारण वर्ष २०२६-२७चे आहेत. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले. पण ३१ मार्च २०२६पर्यंतच्या कमाईचा हिशेब १९६१च्या जुन्या कायद्यानेच होतो, म्हणून इथे जुनेच क्रमांक दिले आहेत. बिल्डरच्या ऑफिसात आणि सीएकडेही अजून तेच तोंडात आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगायला हवी. नव्या कर पद्धतीत (नवा कायदा वेगळा, ही आपोआप लागू असणारी कर मोजण्याची पद्धत) एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७-एच्या सवलतीमुळे कर शून्यावर येतो. त्यामुळे छोट्या ठेकेदाराने खोटा खर्च दाखवून नफा दाबण्यात आता काहीही हशील नाही. खरा खर्च लिहा, खरा नफा दाखवा. कापलेला टीडीएस परत मिळेल, आणि उद्या घरासाठी किंवा टेम्पोसाठी कर्ज काढायला गेलात तर बँकेला दाखवायला भक्कम कागद असेल.

आधी ठरवा: तुम्ही रोजावर आहात की अंगावर?

नाक्यावरून रोजाने जाणारा बिगारी किंवा गवंडी दिवसाची मजुरी घेतो, त्याचा धंद्याचा खर्च असा फारसा नसतो. वर्षाची मजुरी ४ लाखांच्या आत असेल तर नव्या पद्धतीत त्याला सहसा रिटर्न भरावंच लागत नाही. पण तोच गवंडी चौरस फुटाच्या दराने काम अंगावर घेऊ लागला, सोबत चार माणसं आणली आणि त्यांची मजुरी स्वतः देऊ लागला, की तो धंदा करतो आहे. मग त्याला येणारी पूर्ण रक्कम ही जमा आणि त्याने दिलेली मजुरी हा खर्च.

याला दुकान लागत नाही, लेटरहेड लागत नाही, जीएसटी नंबर असलाच पाहिजे असंही नाही. मात्र पॅन लागतो आणि तो आधारशी जोडलेला लागतो. पॅन दिला नाही किंवा तो बंद पडलेला असला, तर बिल्डरला १ टक्क्याऐवजी २० टक्के टीडीएस कापावा लागतो.

पायरी १: तुमच्या नावावर किती जमा दिसते ते बघा

incometax.gov.in या पोर्टलवर पॅन टाकून लॉगिन करा आणि दोन कागद उतरवून घ्या: फॉर्म २६-एएस आणि एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण. २६-एएसमध्ये कोणी, कोणत्या तारखेला, किती रकमेवर किती टीडीएस कापला ते दिसतं. एआयएसमध्ये त्याशिवाय बँकेचं व्याज, मोठ्या खरेदी, म्युच्युअल फंड असं बरंच काही असतं.

कलम १९४-सी नुसार एका बिलाची रक्कम ३०,००० रुपयांवर गेली किंवा एकाच पार्टीकडून वर्षभरात १ लाखाच्या वर पैसे आले, की वैयक्तिक ठेकेदाराच्या बिलातून १ टक्का कापला जातो. कापणारा कंपनी, भागीदारी संस्था किंवा मोठा ठेकेदार असतो. स्वतःचं घर बांधून घेणारा सामान्य माणूस सहसा असा टीडीएस कापत नाही, त्यामुळे बंगल्याच्या कामाचे पैसे २६-एएसमध्ये येणार नाहीत. म्हणून ते दाखवायचे नाहीत असं समजू नका. बँकेचं वर्षाचं स्टेटमेंट आणि तुमची वही दोन्ही पुढ्यात घेऊन बेरीज करा.

घाई करून एप्रिलमध्येच रिटर्न भरू नका. जानेवारी ते मार्चचं टीडीएस विवरण भरायला बिल्डरला ३१ मेपर्यंत मुदत असते आणि फॉर्म १६-ए, म्हणजे टीडीएस कापल्याचा दाखला, त्यानंतर १५ दिवसांत मिळायला हवा. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात २६-एएस बहुतेक पूर्ण झालेला असतो.

एखाद्या बिलातून पैसे कापलेत पण २६-एएसमध्ये नाहीत, असं आढळलं तर त्या ऑफिसच्या अकाउंटंटला पॅनची झेरॉक्स आणि बिलाची प्रत घेऊन भेटा. पुष्कळदा पॅनमधलं एखादं अक्षर चुकलेलं असतं आणि टीडीएस भलत्याच्या नावावर गेलेला असतो. ते दुरुस्ती विवरण भरून सुधारता येतं, पण ते त्यांनाच भरावं लागतं, तुम्हाला नाही. म्हणून हे काम जूनमध्येच मार्गी लावा.

आरए बिलातून (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणाऱ्या बिलातून) ५ किंवा १० टक्के रक्कम डिपॉझिट म्हणून राखून ठेवली जाते. टीडीएस बहुधा पूर्ण बिलावर कापला जातो, पण राखलेला पैसा हातात येतो पुढच्या वर्षी. त्यामुळे २६-एएसमधली रक्कम आणि तुमच्या खात्यातली रक्कम यांत फरक पडतो. अशी प्रत्येक राखीव रक्कम बिलाच्या नंबरासह वेगळ्या पानावर लिहून ठेवा. जी जमा ज्या वर्षी उत्पन्नात धरता, तिचा टीडीएस त्याच वर्षी मागायचा असतो, आणि रिटर्नमध्ये उरलेला टीडीएस पुढे ओढायची सोय आहे.

पायरी २: अंदाजे नफा की प्रत्यक्ष खर्च?

इथे दोन वाटा फुटतात आणि इथेच नवा माणूस गोंधळतो.

पहिली वाट कलम ४४-एडीची. वर्षाची उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर खर्चाचा तपशील न देता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांइतका नफा दाखवता येतो. रोख जमा ५ टक्क्यांहून जास्त नसेल तर ही मर्यादा ३ कोटींपर्यंत जाते. जी रक्कम खात्यात चेकने, एनईएफटीने, यूपीआयने आली तिच्यावर किमान ६ टक्के आणि जी रोखीने आली तिच्यावर किमान ८ टक्के. बेअरर चेक वटवून घेतलेले पैसे रोखीतच धरले जातात. या वाटेने गेलात तर आयटीआर-४ हा छोटा फॉर्म चालतो आणि कायद्याने हिशेबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. पण मजुरी, भाडं, घसारा (मशीनच्या झिजेपोटी दरवर्षी मिळणारी वजावट) असा कुठलाही खर्च वेगळा वजा करता येत नाही. तो सगळा त्या टक्क्यांतच आला असं कायदा मानतो.

दुसरी वाट प्रत्यक्ष खर्चाची. एकूण जमेतून एकेक खर्च वजा करायचा, उरेल तो नफा. याला आयटीआर-३ लागतो, आणि आधीच्या तीन वर्षांत कधीही उत्पन्न अडीच लाखांवर किंवा उलाढाल २५ लाखांवर गेलेली असेल तर वह्याही ठेवाव्या लागतात. उलाढाल १ कोटीच्या वर गेली की सीएकडून टॅक्स ऑडिट, म्हणजे हिशेबाची तपासणी. जमा आणि खर्च दोन्हींत रोखीचा भाग ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही ऑडिटची मर्यादा १० कोटींची आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ६ किंवा ८ टक्के हा *किमान* नफा आहे. प्रत्यक्षात त्याहून जास्त सुटला असेल तर आयटीआर-४मध्येच जास्त नफा लिहिता येतो, आणि तो लिहायलाच हवा. लेबर रेटने, म्हणजे मटेरियल न पुरवता फक्त मजुरीच्या दराने, काम करणाऱ्याचा नफा ६ टक्के क्वचितच असतो. त्याचे स्वतःचे हात कामाला असतात, म्हणून त्याला ३०-३५ टक्केही सुटू शकतात. १८ लाखांच्या उलाढालीवर १,०८,००० नफा दाखवायचा, म्हणजे महिन्याला ९,००० रुपयांत घर चालवलं असं सांगायचं. त्याच वर्षी मोटारसायकल घेतली, मुलीच्या लग्नाला सोनं घेतलं, तर तो पैसा आला कुठून याचं उत्तर पुढे द्यावंच लागतं. शिवाय त्या आकड्यावर बँक गृहकर्जाला उभं करत नाही.

मग प्रत्यक्ष खर्चाची वाट कोणाची? जो मटेरियलसह काम घेतो आणि ज्याचं मार्जिन ३-४ टक्क्यांवर आलं आहे, किंवा ज्याला त्या वर्षी तोटाच झाला आहे, त्याची. पण ४४-एडी एकदा घेतली की ती सलग पाच वर्षं चालवायची असते. मध्येच सोडून कमी नफा दाखवलात तर पुढची पाच वर्षं ती परत घेता येत नाही, आणि त्या काळात उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर उलाढाल लहान असली तरी ऑडिट करावं लागतं. म्हणून पहिल्याच वर्षी विचार करून वाट निवडा.

वाट कोणतीही घ्या, खर्चाची वही ठेवा. ४४-एडीत ती कोणी मागत नाही, पण तुमचा खरा नफा ६ टक्के आहे की ३०, हे वहीशिवाय तुम्हालाही कळणार नाही.

पायरी ३: मजुरी, म्हणजे निम्म्याहून अधिक खर्च

बांधकामात सर्वांत मोठा खर्च मजुरीचा आणि सर्वांत कच्चा कागदही मजुरीचाच. एका चिठ्ठीवर 'लेबर ५२,०००' एवढंच लिहून चालत नाही. कोणाला, किती दिवसांचे, कोणत्या साइटचे?

हजेरीचा मस्टर ठेवा. लांब वही घ्या, प्रत्येक आठवड्याला एक पान. वर साइटचं नाव आणि आठवड्याच्या तारखा. खाली प्रत्येक माणसाची एक ओळ: पूर्ण नाव, काम गवंड्याचं की बिगारीचं, सोमवार ते रविवार हजेरी पूर्ण की अर्धी, रोजाचा दर, एकूण मजुरी, आधी घेतलेली उचल वजा, हातात दिलेली रक्कम, आणि शेवटी सही किंवा अंगठा. उदाहरणार्थ, गवंडी, साडेपाच हजेऱ्या, दर ९००, मजुरी ४,९५०, उचल वजा १,०००, हाती ३,९५०. यात खर्च धरायचा तो ४,९५० रुपयांचा, हातात दिलेल्या ३,९५० रुपयांचा नाही. उचल दिली तेव्हा ती खर्च नव्हती, ती त्या माणसाकडे असलेली तुमची येणी होती. काम होऊन ती मजुरीत वळती झाली तेव्हाच खर्च झाला. गावाहून टोळी आणताना दिवाळीनंतर दिलेली मोठी उचल ३१ मार्चपर्यंत फिटलेली नसेल, तर उरलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात टाकू नका.

पहिल्या पानाला प्रत्येक मजुराच्या आधारची झेरॉक्स लावून ठेवा. हे फक्त आयकरासाठी नाही. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर मजुराला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो देणारा ठेकेदारही असू शकतो. तुमचा मस्टर नीट असेल तर तो दाखला खात्रीने देता येतो, आणि मंडळाच्या शिष्यवृत्तीपासून उपचाराच्या मदतीपर्यंतच्या योजनांचं दार त्या माणसासाठी उघडतं. तुमच्या हाताखाली राबणाऱ्याचं हे देणं आहे, ते टाळू नका.

आता रोखीचा नियम. कलम ४०-ए(३) सांगतं की एका दिवशी एका माणसाला १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर तो खर्च पूर्णच्या पूर्ण नामंजूर होतो, वरचे पैसेच नव्हे. मालवाहतूकदाराला ही मर्यादा ३५,००० आहे. बारा मजुरांना प्रत्येकी ४,५०० रुपये तुम्ही स्वतः रोख वाटलेत आणि बारा सह्या घेतल्यात, तर अडचण नाही. पण तेच ५४,००० रुपये मुकादमाच्या हातात एकगठ्ठा रोख ठेवलेत आणि मुकादमाने काम तुमच्याकडून पोटठेक्याने घेतलेलं असेल, तर तो एका माणसाला दिलेला रोख पैसा झाला आणि सगळा खर्च धोक्यात आला. मुकादमाला खात्यावर पाठवा. यूपीआय आता प्रत्येकाकडे आहे, मजुरांनाही त्याच मार्गाने दिलं तर नोंद आपोआप तयार होते.

घेतानाही जपा. एकाच पार्टीकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेतली तर कलम २६९-एसटीखाली तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. बंगल्याचा मालक 'रोख घ्या' म्हणाला तरी नम्रपणे खाते क्रमांक द्या.

पोटठेकेदाराला पैसे देताना तुम्ही स्वतः टीडीएस कापायचा का? आदल्या वर्षी तुमची उलाढाल १ कोटीच्या आत असेल तर सहसा नाही.

पायरी ४: हत्यारं, मशीन, गाडी

थापी, ओळंबा, घमेली, फावडी, चकत्या, ड्रिलचे बिट, स्पेसर, हातमोजे ही वापरून संपणारी किंवा लवकर झिजणारी वस्तू घेतली त्याच वर्षी खर्चात टाकतात. मिक्सर, व्हायब्रेटर, ब्रेकर, मोठा टाइल कटर, सेंट्रिंगच्या प्लेटा हा माल वर्षानुवर्षं टिकतो. त्याची पूर्ण किंमत एका वर्षात वजा होत नाही, दरवर्षी घसारा मिळतो. मशिनरीला दर १५ टक्के, उरलेल्या किमतीवर.

८०,००० रुपयांची मशीनं जूनमध्ये घेतली तर पहिल्या वर्षी घसारा १२,०००. पुढच्या वर्षी उरलेल्या ६८,००० वर १५ टक्के, म्हणजे १०,२००. तीच मशीनं डिसेंबरमध्ये घेतली असती तर वर्षात १८० दिवसांहून कमी वापरली म्हणून पहिल्या वर्षी निम्माच, ६,०००. मशीनसाठी एका दिवशी एकाला १०,००० च्या वर रोख दिली तर तेवढी रक्कम मशीनच्या किमतीतच धरली जात नाही, म्हणजे तिच्यावर घसारा कधीच मिळत नाही. जुनी मशीन दुसऱ्या ठेकेदाराकडून घेत असाल तरी खात्यावरच पैसे द्या आणि साध्या कागदावर का होईना विक्रीची पावती लिहून घ्या.

हप्त्याने घेतलेल्या मशीनच्या किंवा टेम्पोच्या कर्जावरचं व्याज खर्चात जातं, मुद्दल नाही. हप्ता १२,००० आणि त्यात व्याज ३,४०० असेल तर खर्च ३,४०० रुपयेच. बँकेकडून वर्षाचं व्याजाचं प्रमाणपत्र मागून घ्या.

साइटवर जायची मोटारसायकल घरीही वापरली जातेच. कायदा म्हणतो, धंद्यासाठी जेवढी वापरली तेवढाच वाटा. पेट्रोल, दुरुस्ती, विमा, घसारा या सगळ्याचा वाजवी भाग घ्या आणि दरवर्षी तोच ठेवा. मोबाइलच्या बिलाचंही तसंच.

पायरी ५: बाकीचे खर्च

साइटजवळच्या मजुरांच्या खोलीचं भाडं, भाड्याने आणलेल्या मिक्सरचं भाडं, टेम्पो-हमाली, मजुरांचा चहा-नाश्ता, हेल्मेट-बूट, मजुरांच्या अपघाताची विमा पॉलिसी, दिवाळीचा बोनस, बँक चार्जेस, सीएची फी हे सगळं चालतं. महाराष्ट्रात ठेकेदाराला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर भरावा लागतो, तोही खर्चात धरता येतो.

बिल मिळत नाही तिथे व्हाउचर करा: तारीख, कोणाला दिले, कशापोटी, रक्कम, सही. चहावाल्याचं बिल कोणी मागत नाही, पण महिन्याच्या चहाचं एक व्हाउचर असावं.

जीएसटी नोंदणी नसेल तर मालावर भरलेला जीएसटी हा मालाच्या किमतीचाच भाग, तो खर्चात पूर्ण धरा. नोंदणी असेल आणि त्याचं क्रेडिट घेतलं असेल, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून तो वळता केला असेल, तर तोच कर खर्चात परत दाखवता येत नाही. महाराष्ट्रात सेवेची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि मग जीएसटीत दाखवलेली उलाढाल व रिटर्नमधली उलाढाल जुळली पाहिजे.

हे खर्चात घालू नका

स्वतःचा पगार, घरखर्च, मुलांची फी, स्वतःच्या आयुर्विम्याचा हप्ता, कर्जाचं मुद्दल, भरलेला आयकर. वाहतूक पोलिसांचं चलान आणि कायदा मोडल्याचा कुठलाही दंड. बिल मंजूर करायला कोणाला 'दिलेले' पैसे. साइटवर बायको किंवा भाऊ खरंच काम करत असेल तर त्यांची मजुरी बाजारभावाने, मस्टरमध्ये नाव घालून, शक्यतो खात्यावर द्या. काम न करता नुसतं नाव घालणं म्हणजे बोगस खर्च, आणि तो उघडा पडतो.

एक गैरसमज इथेच दूर करते. 'नव्या कर पद्धतीत वजावट मिळत नाही' हे वाक्य ऐकून अनेकांना वाटतं की धंद्याचा खर्चही मिळत नाही. मिळत नाहीत त्या ८०-सीसारख्या गुंतवणुकीच्या सवलती. मजुरी, भाडं, घसारा हा धंद्याचा खर्च दोन्ही पद्धतींत वजा होतो. नवी पद्धत आता आपोआप लागू असते. जुनी हवी असेल तर धंदेवाल्याला मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा नव्यात परतल्यावर धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनीकडे जाता येत नाही.

एक पूर्ण उदाहरण

समजा नाशिकचा एक टाइल ठेकेदार आहे. फक्त लेबर रेटने काम. वर्षाची जमा १८,००,०००, सगळी खात्यावर. टीडीएस कापला १८,०००.

त्याचा खर्च असा: मजुरी ९,६०,०००. चकत्या, स्पेसर, किरकोळ माल ८४,०००. टेम्पो आणि पेट्रोलचा धंद्याचा वाटा ७२,०००. मजुरांची खोली ३६,०००. मशीनची दुरुस्ती १४,०००. मजुरांचा विमा १२,०००. हेल्मेट-बूट ९,५००. मोबाइल ६,०००. सीए ६,०००. व्यवसाय कर २,५००. घसारा १२,०००. एकूण १२,१४,०००.

नफा उरला ५,८६,०००. नव्या पद्धतीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या १,८६,००० वर ५ टक्के म्हणजे ९,३००, आणि ८७-एच्या सवलतीने तोही शून्य. कापलेले १८,००० रुपये पूर्ण परत.

याच माणसाने खर्चाचा विचारच न करता सगळे १८ लाख उत्पन्न म्हणून लिहिले असते तर उपकरासह कर १,६६,४०० झाला असता. आणि रिटर्नच भरलं नसतं तर १८,००० रुपये सरकारजमा राहिले असते. दुसरं तर सर्रास घडतं. 'एक टक्का काय परत मागायचा' म्हणून कष्टाचा पैसा वर्षानुवर्षं सोडून दिला जातो.

या माणसाला सोपी वाट कोणती? ४४-एडीखाली आयटीआर-४, आणि नफ्याच्या रकान्यात किमान १,०८,००० च्या जागी वहीतून निघालेले ५,८६,०००.

पायरी ६: प्रत्यक्ष रिटर्न भरताना

पोर्टलवर कर निर्धारण वर्ष २०२६-२७ निवडा, मग फॉर्म. धंद्याचा कोड विचारला जातो. बांधकामाचे कोड ०६ने सुरू होतात, त्यांतला तुमच्या कामाला जवळचा घ्या. आयटीआर-४मध्ये खात्यावरची जमा आणि रोख जमा वेगवेगळ्या रकान्यांत विचारतात. शिवाय ३१ मार्चला हातातली रोकड, येणी, देणी आणि शिल्लक माल यांचे आकडे लागतात. येण्यांमध्ये बिल्डरकडे अडकलेली बिलं आणि मजुरांकडची उचल विसरू नका.

टीडीएसच्या पानावर २६-एएसमधल्या सगळ्या नोंदी आल्यात का ते एकेक करून बघा. परतावा ज्या खात्यात हवा ते खातं पोर्टलवर आधी पडताळून घ्या, नाव पॅनशी जुळत नसेल तर पैसे अडकतात. रिटर्न पाठवल्यावर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने ई-पडताळणी करा. ती राहिली तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात, आणि नवख्यांचं नेमकं इथेच अडतं.

मुदतीची तारीख पोर्टलच्या पहिल्या पानावर बघून घ्या, ती सरकते. २०२५मध्ये ती ३१ जुलैवरून १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती. मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित रिटर्न भरता येतं, पण ५,००० रुपये शुल्क लागतं, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००. तोटा झालेल्याने तर मुदत अजिबात चुकवू नये. वेळेत भरलेल्या रिटर्नमधला धंद्याचा तोटा पुढे आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो, उशिरा भरला तर तो हक्क जातो.

टीडीएस वजा जाऊनही कर १०,००० किंवा त्याहून जास्त निघणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. ४४-एडीवाल्यांनी तो एकदम १५ मार्चपर्यंत, बाकीच्यांनी जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना हप्त्यांनी.

जाता जाता: उद्यम नोंदणी करून ठेवा

हे खर्चाच्या यादीत बसत नाही, पण पैसे वेळेवर मिळण्याशी याचा थेट संबंध आहे. उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅन देऊन सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी होते, ती फुकट आहे. पैसे मागणाऱ्या एजंटच्या साइटवर जाऊ नका. कलम ४३-बी(एच) सांगतं की नोंदलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत दिलं नाही, तर तो खर्च बिल्डरला त्याच्या हिशेबात प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. म्हणजे जानेवारीचं तुमचं बिल ३१ मार्चपर्यंत अडवून ठेवलं तर बिल्डरचाच कर वाढतो. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक ठळक लिहा, आणि फेब्रुवारीतच त्यांच्या अकाउंटंटला थकलेल्या बिलांची यादी तारखांसह पाठवा.